दार लावायच्या आधी

प्रिय फंगशिएन,

तुझे गुडघे कसे आहेत ते आधी लिही. ‘बरे आहेत’ असं लिहू नकोस, ते तू आई गेली त्या वर्षीही लिहिलं होतंस आणि मी आले तर काठी घेऊन दारात उभी. माळ्यावर चढताना भिंत धरावी लागते की नाही एवढंच सांग, बाकीचं मी ओळखेन. थूशंगभाऊजींचा खोकला थंडीबरोबर गेला का? विडी सोडा म्हणून सांगण्यात अर्थ नाही, पण निदान अंथरुणात ओढू नका म्हणावं. रजई जळाली तर नवी शिवायला तुलाच बसावं लागेल. तुझ्या सासूबाईंना डाव्या कानाने अजून ऐकू येतं ना? माझा नमस्कार त्याच कानात सांग. तुझा लेक शुइगन सिमेंटच्या कारखान्यातून सुट्टीला येऊन गेला हे टोफूवाल्याकडून कळलं. नीट जेवला का? कुणाशी धड बोलला नाही आणि सुट्टी संपायच्या आधीच निघून गेला, हेही टोफूवाल्यानेच सांगितलं. त्या माणसाच्या टोपलीत टोफू कमी आणि बातम्या जास्त असतात. तुमची म्हैस व्यायली का? रेडा झाला की पारडी? एका माणसाची चौकशी मात्र राहिली आहे. ती मी विसरलेली नाही. तुझी सून लिंगझी मागच्या उन्हाळ्यापासून तुझ्या घरात नाही, तेव्हा तिची चौकशी तुझ्याकडे कशी करू? ती मी पत्राच्या शेवटाला ठेवली आहे. मधली पानं सोडून तिकडे उडी मारू नकोस. लहानपणी आजोबा गोष्ट सांगायला बसले की ‘शेवट आधी सांगा’ म्हणून त्यांची दाढी ओढायचीस, ती तूच.

एवढं लिहायचं होतं तर ताई स्वतः का आली नाही, असं तू म्हणशील. एक तर समोरासमोर बोलायला बसलं की तुला नको तो विषय निघताच तू चहाचं पाणी ठेवायला उठतेस. मागच्या खेपेला मी तुझ्याकडे इतका चहा प्यायले की डोंगर चढताना पोटात डचमळत होतं आणि जे बोलायला आले होते ते तसंच पोटात राहिलं होतं. पत्राला चहा पाजता येत नाही, म्हणून पत्र. दुसरं कारण असं की यंदा माझ्या अंगावरच्या कपड्यांनी तुझ्या उंबऱ्याच्या जवळपासही येऊ नये, असं मीच ठरवलं आहे. का ते कळेलच. हे पत्रसुद्धा मी आमच्या घरात बसून लिहीत नाही. शाळेत बाईंच्या टेबलाशी, कोपरापर्यंत हात साबणाने धुऊन, त्यांच्याच कागदावर लिहिते आहे. बाई म्हणाल्या, ‘आजी, एवढं सोवळं पाळून कुणाला लिहिताय, मंत्र्याला?’ मी म्हटलं, ‘मंत्र्याचं काय घेऊन बसलात, धाकट्या बहिणीला लिहितेय.’ तरीही वाचून झालं की दिवसभर उन्हात ठेव, आणि तुझ्या रेशमाच्या बाळांच्या खोलीत नेऊ नकोस.

इकडची बातमी एकच, अळ्या. पाइनच्या अळ्या दरवर्षीच असतात, पण यंदा जे आलं आहे ते सैन्य आहे. थंडीभर सालीच्या भेगांत आणि बुंध्याच्या गवतात निजून होत्या, ऊन जरा तापलं तशा एकीमागे एक खोडावरून वर निघाल्या. करंगळीएवढ्या लांब, तपकिरी, अंगभर केस, मानेजवळ काळ्यानिळ्या पट्ट्या. पाइनच्या पानाची सुई टोकाला धरायची, खात खात देठापर्यंत यायचं, मग शेजारची. अंगणात उभं राहिलं की वरून बारीक पावसासारखा आवाज येतो. तू ऐकलास तर फसशील, कारण तुझी बाळं तुतीची पानं खाताना अगदी असाच आवाज येतो. आणि पाऊस म्हणावा तर तो त्यांच्या लेंड्यांचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर लेंड्या, मुळ्याच्या लोणच्यात लेंड्या. वरचा अर्धा डोंगर आग लागून गेल्यासारखा तांबूस दिसतो आहे. याच झाडांच्या डिंकावर आमचं मीठतेल चालतं हे तुला माहीत आहेच, एका वर्षी सुया गेल्या तर झाड कसंबसं तगतं, ओळीने दोन वर्षं गेल्या की वाळतं. बरं, हाताने वेचाव्यात तर तेही सोपं नाही. केस टोचला की आज खाज, उद्या फोड, आणि कुणाकुणाची तर पेरं सुजून बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी होतात. तुझे दाजी चिमटा विसरून एकदा बोटाने उचलायला गेले आणि चार दिवस मला त्यांना चमच्याने भरवावं लागलं. वर तोंड करून म्हणतात, ‘बघ, लग्नाच्या वेळी सुद्धा एवढे लाड झाले नव्हते.’ या माणसाचं मी काय करू ते तूच सांग.

यावर वनखात्याचा उपाय आहे, भुकटीचे बार. कागदी नळकांड्यात पांढरी भुकटी ठासलेली, बुडाला दारू. वात पेटवली की नळकांडं शेंड्यांच्या वर जातं, फट्‌ करून फुटतं आणि पांढरा ढग हळूहळू सुयांवर उतरतो. ते विष नाही, बुरशी आहे. दमट हवेत ती अळीच्या कातडीवर रुजते, आत शिरते, आणि काही दिवसांत अळी ताठ होऊन खडूसारखी पांढरी पडते. मागच्या वर्षी वनखात्याचा छू नावाचा पोरगा हे समजावायला आला होता. चांगला पोरगा आहे, चपला बाहेर काढतो. म्हणाला, ‘काकू, माणसाला काही नाही, गुराला काही नाही, तळ्यातल्या माशाला काही नाही. हां, रेशीम तर कुणी करत नाही ना इथे?’ तुझे दाजी छाती पुढे काढून म्हणाले, ‘आमच्या या धोंड्यांत तुती कुठली उगवायला!’ खोटं नव्हतं ते. आमच्या गावात तुतीचं एक झाड नाही. पण डोंगराच्या पलीकडच्या उतारावर तुमचं अख्खं सांगवू तुतीने भरलेलं आहे, ते त्याने विचारलं नाही आणि आमच्या एकाही शहाण्याने सांगितलं नाही. जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं आणि वर स्वतःला हुशार समजायचं, अशी आपली माणसं! मीही तिथेच शेंगा सोलत बसले होते, पण बायकांना सभेत कोण विचारतं. मग बारांच्या पेट्या आल्या त्या उशिरा. तोवर खाली तुम्ही लोक बाळांच्या महिन्याची दारं लावून बसला होतात. वाऱ्याची कृपा म्हणून तो ढग आमच्याच बाजूला उतरला. बार उडवताना तुझ्या दाजींना तू बघायला हवं होतंस. पासष्टीचा माणूस, प्रत्येक बाराला उडी मारून टाळ्या पिटत होता. संध्याकाळी घरी आला तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा, भुवयासुद्धा पांढऱ्या.

आता मागच्या वर्षी तुझ्याकडे जे झालं ते. तुला मी काय सांगणार, पण मला जे दिसलं ते लिहिते, कारण रागात माणसाला स्वतःचं घर दिसत नाही. बाळांच्या महिन्यात तुमच्याकडे दाराला लाल कागद लागतो, सख्ख्या भावालाही उंबरा ओलांडता येत नाही, आत मोठ्याने शिंकायचीसुद्धा चोरी. म्हणून मी आले ती महिना सरल्यावर, कोश बघायच्या हौसेने, तुझ्यासाठी तांदळाच्या पिठाचे हिरवे गोळे वाफवून घेऊन. कोश कुठले! घरामागच्या चरात तुझी बाळं ओतलेली होती, सुपंच्या सुपं, ताठ आणि पांढरी. ‘चौथ्यांदा कात टाकायला निजली ती उठलीच नाहीत गं ताई,’ एवढंच तू म्हणालीस. मग तोंड फुटलं तुला. साऱ्या सांगवूत दुसऱ्या कुणाचं एक सूप गेलं नाही, एकट्या तुझ्याच घरावर घाला, आणि का, तर सुनेने बंद दार उघडलं. तुम्ही दोघं पाऊस यायच्या आत पानं खुडायला गेला होतात, सासूबाईंचा डोळा लागला होता. कुणी भिजलेला वाटसरू आला, तिने त्याला आत घेतलं, शेकोटीशी बसवलं. परत आलीस तर उंबऱ्यात ओली पावलं. कोण होता विचारलं तर म्हणे माहीत नाही. ‘होडीवरच्या लोकांची पोर, तिला रेशमाचं काय कळणार! तिचा हातच वाईट. हा हात सुपाला लागतोय तोवर माझ्या घरात कोश व्हायचा नाही.’ तू बोलत होतीस आणि ती स्वयंपाकघरात आमच्याकडे पाठ करून लखलखीत घासलेली कढई पुन्हा घासत होती. फंगशिएन, त्याच वर्षी अंड्यांचा कागद तू तिच्या छातीशी बांधला होतास. नवी नवरी, अंग ऊबदार, बाळं चटकन बाहेर येतील म्हणून. मला किती कौतुकाने सांगितलं होतंस! ती म्हणे कुशीवर वळायचं नाही म्हणून रात्रभर उताणी निजायची. आणि दोन महिन्यांत तीच पोर बोचकं घेऊन माहेरच्या होडीघाटाकडे चालायला लागली. शुइगनने काय केलं? दाराच्या चौकटीला टेकून नखं कुरतडली. त्याच्यावर तर मी एवढी चिडले आहे की त्याच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर उसवून ठेवला आहे.

यंदाच्या वसंतात मी गवत कापायला वर गेले होते. एका खालच्या फांदीवर मागच्या वर्षीची अळी चिकटलेली दिसली, सुईला विळखा घालून तशीच. थंडी, पाऊस, हिम, कशाने सुटली नव्हती. काढून हातात घेतली तर कडक आणि पांढरी, पाटीवर ओढली तर रेघ उठेल अशी. आणि ही अळी मी आधी पाहिली होती. तुझ्या घरामागच्या चरात. तोच ताठरपणा, तोच पांढरा रंग, डोक्याकडची तीच किंचित वळलेली मान. कोयता तिथेच टाकून मी खाली आले. दोन दिवसांनी छू यंदाच्या पेट्या घेऊन आला तेव्हा त्याला दाराबाहेरच गाठलं. म्हटलं, ‘बाबा, ही तुझी बुरशी रेशमाच्या अळीला लागते का रे?’ तर पोरगा म्हणतो, ‘लागते म्हणजे? काकू, दोघी एकाच घराण्यातल्या. रेशमाची तर जास्तच नाजूक. म्हणून तर मी विचारलं होतं.’ मी म्हटलं, ‘विचारलंस ते या गावाचं विचारलंस. डोंगराला दुसरी बाजू असते, हे तुमच्या शाळेत शिकवत नाहीत का?’ बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पण मला उलगडेना ते वेगळंच. वारा आमच्या बाजूचा. आणि वाऱ्याने गेली असती तर साऱ्या सांगवूला लागली असती. एकट्या तुझ्याच घरात, बंद दारातून, ही भुकटी शिरली कशी?

मी तुझ्या दाजींना काही विचारलं नाही. ती पांढरी अळी जेवताना त्यांच्या वाडग्याशेजारी ठेवली आणि म्हटलं, ‘फंगशिएनची बाळं अशीच दिसत होती.’ त्यांनी अळीकडे पाहिलं, वाडगा खाली ठेवला आणि उठून लाकडं फोडायला गेले. घरात दोन हिवाळ्यांची लाकडं रचलेली असताना! आधीच त्यांचं वागणं मला कोड्यात टाकत होतं. नववर्षाचे दिवे उतरले आणि दोर आणतो म्हणून जे तालुक्याला गेले, ते दोराऐवजी एक माणूस घेऊन आले. म्हणाले, यंदा अळ्या फार होणार, वेचायला हात हवेत. स्वतःच्या विडीला मोजूनमापून तंबाखू घालणारा हा माणूस मजूर कधीपासून ठेवायला लागला? त्या माणसाचं पुढे लिहिते. तर लाकडं फोडून फोडून दाजी दमले, मग ओट्यावर बसून एकदाचे बोलले. मागच्या वर्षी बार उडवले त्याच्या दुसऱ्या दिवशी, तेच जाकीट अंगात घालून फिरताना त्यांना वरच्या बांबूत कोवळे कोंब सापडले. फंगशिएनला आवडतात, उतरून तिच्या दारात ठेवून येऊ, एवढंच मनात. दार बंद असतं हे ठाऊक होतं, पण ‘मी काय परका आहे का?’ वाटेत पाऊस कोसळला. दारात पोचले ते थंडीने दात वाजत. फटीतून सुनेने पाहिलं. सासूची आज्ञा एकीकडे आणि म्हातारा मावससासरा कुडकुडतोय एकीकडे. तिने दार उघडलं. त्यांचं कापूस भरलेलं जाकीट काढून घेतलं, शेकोटीपाशी नेऊन चांगलं झटकलं आणि वरच्या काठीवर वाळत टाकलं. खिसे, अस्तर, शिवणी, सगळीकडे भुकटी. आणि शेकोटीच्या शेजारी तुझी सुपं.

निघताना हे महाशय तिला म्हणाले, ‘सासूला माझं नाव सांगू नकोस हं, नाहीतर माझे कान उपटून लोणच्याच्या बरणीत घालेल.’ त्यांची नेहमीची थट्टा. तुझ्या नजरेला पडू नयेत म्हणून कोंबही परत घेऊन आले, ते मी खारवलेल्या मांसात शिजवले आणि आम्ही दोघांनी मिटक्या मारत खाल्ले.  मी विचारलं, ‘पोरीला घरातून काढली तेव्हा तरी तोंड का उघडलं नाहीत?’ तर म्हणतात, ‘भुकटीचं मला काय माहीत, मला वाटलं खरंच माझ्या पायाने अपशकुन झाला. आधी तुझी भीती, मग तुझ्या बहिणीची, मग इतके दिवस गेले म्हणून जास्तच भीती.’ वाघाला भीत नाही म्हणून सांगणारा हा माणूस!   दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर धूर दिसला म्हणून गेले, तर अंगणात ते जाकीट जळत होतं आणि हे नुसत्या सदऱ्यात उभे. चौदा हिवाळे घातलेलं जाकीट, ज्याला ठिगळ लावू म्हटलं तरी हातात देत नव्हते. मला म्हणाले, ‘तिला लिही. माझं नाव मोठ्या अक्षरात लिही.’ म्हणून लिहिते. दार तुझ्या दाजींसाठी उघडलं होतं, फंगशिएन. दाजींसाठी.

आता यंदाचं ऐक. पेट्या आल्या आहेत आणि सारं गाव म्हणतंय उडवा. मी सभेत उभी राहिले. गावप्रमुख म्हणाला, ‘वहिनी, पलीकडच्यांच्या किड्यांसाठी इकडची झाडं घालवू का?’ छूने वर लिहिलं आहे, पण वरून उत्तर येईपर्यंत अळ्यांची पाखरं होऊन उडून जातील. शेवटी मी त्या पेट्या उचलून घरी आणल्या, पलंगाखाली ठेवल्या आणि वर निजले. प्रमुखाला म्हटलं, ‘न्यायच्या तर मला उचलून न्या.’ मला उचलायची कुणाची छाती नाही, माझं वजन तू जाणतेस. मग तडजोड झाली. तुमची अंडी बाहेर काढायच्या दिवसापर्यंत आमचा उतार हाताने वेचून साफ झाला तर पेट्या परत जातील. नाही झाला, तर उडणार. आणि वारा दर खेपेला आमच्याच बाजूचा असेल असं नाही. यंदा एक घर नाही, सारं सांगवू जाईल. या भुकटीवर निजते म्हणूनच मी तुझ्या दारात येत नाही.

सुरुवातीला सगळ्याजणी हौसेने आल्या. लांब बांबूचे चिमटे, डब्यात चुना, झाडाखाली चादर पसरून खोड हलवायचं, पडतील त्या वेचायच्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या आल्या. कुणाला पुरळ, कुणाचं डुक्कर आजारी, कुणाच्या नवऱ्याला बायको घरी हवी. प्रमुखाची बायको चादरीचं टोक धरून नुसती गप्पा मारायची आणि अळी दिसली की किंचाळायची, तिला मीच घरी धाडली. दाजींनी कोंबड्या सोडल्या तर त्यांनी अळ्या सोडून माझा लसूण उकरला. डोकं पिकलं माझं. राहता राहिला तो दाजींनी आणलेला माणूस. उजाडायच्या आत डोंगरावर, अंधार पडला की खाली. आमच्या घरात पेट्या आहेत म्हणून आमच्या घरात निजायलाही तयार नाही, वरच्या चहाच्या खोपीत राहतो, भाताचा डबासुद्धा दाराबाहेर ठेवायला लावतो. एका झाडावरची शेवटची अळी निघाल्याशिवाय दुसऱ्या झाडाला हात लावत नाही. पहिल्या आठवड्यात बोटं सुजली. मी पानांचा लेप लावला, फडकं गुंडाळलं, म्हटलं दोन दिवस बस. दुसऱ्या सकाळी चिमटा मनगटाला बांधून पुन्हा झाडाखाली. बोटं मिटत नव्हती ना, म्हणून. ते बघून एकेक बाई आपणहून परत यायला लागली, प्रमुखाची बायकोसुद्धा, आता किंचाळत नाही. काल छू येऊन झाडं बघून गेला. पेट्या उद्या परत जाताहेत. उतार साफ झाला, फंगशिएन.

आता ती राहिलेली चौकशी. तुझी लिंगझी बरी आहे. खाते कमी, बोलते त्याहून कमी, पण बरी आहे. चहाच्या खोपीत राहणारा तो माणूस तीच. दाजी होडीघाटावर जाऊन तिला घेऊन आले, तिच्या भावजयांनी एका शब्दाने अडवलं नाही. सगळं कळल्यावर मी तिला विचारलं, ‘अगं वेडे, वर्षभर नाव का घेतलं नाहीस?’ तर म्हणाली, ‘काकांना शब्द दिला होता. आणि मावशी, मी नवीन, माझ्यावरचा राग आज ना उद्या गेला असता. तुम्ही दोघी बहिणी तुटला असता तर कुणी जोडलं असतं?’ आणि भुकटीचं समजल्यावर, तू ज्या हाताला वाईट म्हणालीस त्याच हाताने तिने हा डोंगर वेचला, तुझ्या बाळांसाठी, ज्या घरात तिला येऊ देत नाहीस त्या घरातल्या बाळांसाठी. मी हे पत्र लिहिते आहे हे तिला माहीत नाही, नाहीतर तिने लिहू दिलं नसतं. तुझा नियम खोटा नव्हता. दार बंद ठेवतात ते बरोबरच ठेवतात, हे आता मी सगळ्यांना सांगते. पण दाराची शिक्षा तू चुकीच्या माणसाला दिलीस. अंडी बाहेर काढायला आता थोडेच दिवस उरलेत. एकदा दार लागलं की बाहेरचं माणूस महिनाभर बाहेर, हे तुमचंच. तेव्हा लाल कागद खुशाल लाव, अडणा घाल, दाजींना दारातून हाकलून दे, पण दार लावशील तेव्हा ती आत असू दे. तिची बोटं अजून मिटत नाहीत, सुपं तिला उचलता येणार नाहीत. अंड्यांचा कागद मात्र छातीशी बांधता येईल. मी तिला कालपासून खाली शाळेच्या बाईंकडे आणलं आहे, गरम पाण्याने दोनदा न्हाऊ घातलं, केस राखेच्या पाण्याने धुतले, बाईंचे कपडे घातले. आत्ता ती माझ्यासमोर अंगणात केस वाळवत बसली आहे आणि ‘मावशी, एवढं लांबलचक कुणाला लिहिताय?’ म्हणून विचारते आहे. टोफूवाला परवा तुमच्याकडून परत निघेल, त्याच्या हाती लगेच उत्तर दे. एका ओळीचं चालेल, पण लवकर दे. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

तुझीच, चिडलेली,
ताई